धातूच्या पोटातला दोष यंत्राला कसा शिकवायचा?

माठ विकत घेताना माणूस तो नुसता पाहून घेत नाही, टिचकी मारून वाजवून घेतो. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का. बद्द आवाज आला तर कुठे तरी तडा आहे असे समजायचे. रेल्वेतही पूर्वी हीच युक्ती वापरत. गाडी स्थानकात थांबली की एक कामगार लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोके देत जाई आणि आवाजावरून चाक शाबूत आहे की नाही ते ओळखी.

दोन्ही ठिकाणी अडचण एकच आहे. दोष आत आहे, आपण बाहेर आहोत, आणि वस्तू फोडून पाहायची सोय नाही. फोडली तर दोष होता की नव्हता ते नक्की कळेल, पण वस्तू हातची जाईल. त्यामुळे बाहेरच्या खुणेवरून आतली स्थिती ओळखावी लागते. धातूची त्रिमिती छपाई ही उत्पादनाची नवी पद्धत आल्यापासून ही जुनी अडचण अधिक बिकट झाली आहे. ती सोडवण्यासाठी आता संगणकाला छायाचित्रे दाखवून दोष ओळखायला शिकवतात. हे शिकवणे कसे चालते आणि त्यावर किती विसंबावे, ते या लेखात पाहू.

लहान दोष, मोठा धोका

प्रथम हा खटाटोप का करायचा ते पाहू. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत चक्कर मारली तरी पुरे. हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. खालापूर तालुक्यातील खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे १९२२ मध्ये. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी मोठमोठ्या पोलादी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली उतरते आणि जनित्रांची चाके फिरवते. पाण्याची उंची दर १० मीटरने वाढली की दाब सुमारे एक वातावरणाने वाढतो, हे आपण वर्गात शिकवतो. म्हणजे तळाशी दाब सुमारे ५० वातावरण होतो. नखाएवढ्या जागेवर सिमेंटचे एक पोते ठेवावे, तेवढा हा जोर आहे. नळाच्या सांध्यात एखादी चीर राहिली तर काय होईल याची कल्पना विद्यार्थ्यांना सहज करता येईल.

रेल्वेचेही तसेच. कर्जतच्या पुढे बोरघाटाचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे, म्हणून गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. असा चढ चढताना आणि उतरताना चाके, आस आणि जोडण्या यांवर मोठा ताण येतो. तेथे धातूतला दोष चालत नाही.

दोष शोधण्याचे जुने कसबही याच भागात नांदते. खोपोलीला १९६० च्या दशकात फ्रान्सच्या युजीन कंपनीच्या सहकार्याने महिंद्र युजीन हा मिश्रपोलादाचा कारखाना उभा राहिला. पुढे त्याची मालकी आणि नाव बदलले. गाड्यांचे दातेरी चाक किंवा बेअरिंग ज्या पोलादापासून करायचे, त्याच्या कांबीच्या पोटात पोकळी नाही ना, हे तपासण्याची रूढ पद्धत म्हणजे श्रवणातीत ध्वनी. कांबीच्या एका बाजूने ध्वनी आत सोडतात. तो समोरच्या बाजूवर आपटून परत येतो. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो. कांब १० सेंटिमीटर जाड असेल तर जाऊन-येऊन २० सेंटिमीटर अंतर होते. त्याला सुमारे ३४ मायक्रोसेकंद लागतात. मात्र १७ मायक्रोसेकंदांनीच एक क्षीण प्रतिध्वनी आला, तर कांबीच्या बरोबर मध्यावर काही तरी आहे असे समजायचे. ही टिचकी मारण्याचीच सुधारलेली पद्धत म्हणता येईल.

थरावर थर

कांब सरळ असते, म्हणून ही पद्धत सोपी जाते. त्रिमिती छपाईने बनलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी आहे.

या छपाईत शाई म्हणजे धातूची अगदी बारीक पूड. पुडीचा एकेक कण साधारण ०.०१५ ते ०.०४५ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही लहान. बंद पेटीत आरगॉनसारखा वायू भरलेला असतो, म्हणजे तापलेल्या धातूचा ऑक्सिजनशी संयोग होत नाही. एक पाते पाटावर पुडीचा पातळ थर पसरते. मग लेझरचा किरण वस्तूच्या आकाराप्रमाणे त्या थरावर फिरतो. जेथे तो पडतो तेथे पूड वितळते आणि लगेच गोठते. पाट किंचित खाली जातो, पाते नवा थर पसरते, लेझर पुन्हा फिरतो. थराची जाडी ०.०३ मिलिमीटर धरली तर ६ सेंटिमीटर उंचीच्या वस्तूसाठी असे २,००० थर लागतात. शेवटी सुटी पूड झटकली की वस्तू हाती येते.

एवढा उपद्व्याप कशासाठी? भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या, म्हणजे इस्रोच्या एका उदाहरणावरून ते कळेल. पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचे पीएस-४ हे इंजिन पूर्वी १४ भाग जोडून करत. छपाईच्या पद्धतीने ते एकसंध केले, तेव्हा १९ ठिकाणची वेल्डिंगची जोडणी वाचली. आधी एका इंजिनाला ५६५ किलोग्रॅम धातू लागे, आता १३.७ किलोग्रॅम पूड पुरली. बनवण्याचा वेळ ६० टक्क्यांनी घटला. ९ मे २०२४ रोजी तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे हे इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहण्यात आले आणि चाचणी यशस्वी झाली.

असे काम आपल्यापासून फार दूर राहिलेले नाही. इस्रोच्या विकास इंजिनांची निर्मिती करणाऱ्यांपैकी एक, विक्रोळीच्या गोदरेज अँड बॉयसने खालापूर येथे विमान आणि अवकाश क्षेत्रासाठी नवा कारखाना उभारण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. पोलाद गाळण्याच्या आणि कापण्याच्या पिढीजात उद्योगाशेजारी आता अशी नाजूक कामे येऊ लागली आहेत. आपल्या शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना यातल्या तपासणीशी कधी तरी गाठ पडणार आहे.

पोकळी कशी पडते?

थरावर थर रचताना चुका होऊ शकतात. त्यांतल्या तीन मुख्य आहेत.

पहिली, लेझरची उष्णता कमी पडणे. मग पूड पुरती वितळत नाही आणि दोन थरांच्या मध्ये चपटी, वेड्यावाकड्या कडांची फट राहते. कच्च्या भाजलेल्या भाकरीचे पदर सुटावेत तशी ही फट असते.

दुसरी, उष्णता जास्त होणे. लेझरखालचा धातू वितळून थांबत नाही, उकळू लागतो. त्याच्या वाफेच्या दाबाने वितळलेल्या धातूत अरुंद आणि खोल खळगा पडतो. हा खळगा डळमळून मध्येच मिटला की तळाशी वाफेचा बुडबुडा अडकतो. धातू गोठल्यावर तेथे गोल पोकळी राहते.

तिसरी चूक पुडीच्या थरातच असते. पाते कशाला तरी घासले, त्याला खाच पडली किंवा पूड कमी पडली, तर थर सारखा बसत नाही. मग वर कितीही नेमका लेझर फिरवला तरी उपयोग होत नाही.

यांपैकी कोणती पोकळी जास्त वाईट? सी. ई. इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने १९१३ मध्ये याचे गणित मांडले. ताणलेल्या पत्र्याला गोल भोक असेल तर भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो. भोक लंबगोल असेल आणि ओढीला आडवी असलेली त्याची लांबी रुंदीच्या दहापट असेल, तर टोकाशी ताण एकवीसपट होतो. म्हणजे चपटी फट गोल बुडबुड्यापेक्षा घातक. दुधाची रिकामी पिशवी हातांनी ओढून फाडायला सांगा, जमणार नाही. मग काठाला कात्रीने एवढासा काप द्या. पिशवी सरसर फाटेल. धातूच्या भागावर लाखो वेळा ताण येत-जात असेल तर अशाच टोकापासून तडा सुरू होतो आणि हळूहळू वाढत जातो.

मग ध्वनी सोडून किंवा क्ष-किरणांनी तपासता येणार नाही का? येते, पण अडचणी आहेत. अशा वस्तूंच्या पोटात वळणावळणाच्या नळ्या असतात. नळीची भिंत कोणती आणि दोष कोणता, ते प्रतिध्वनीवरून वेगळे करणे कठीण जाते. रुग्णाचा करतात तसा धातूचाही सीटी स्कॅन करता येतो. चारी बाजूंनी क्ष-किरणांची शेकडो चित्रे घेऊन आतला आकार संगणकाने उभा करायचा. पण धातू क्ष-किरण शोषतो. वस्तू जितकी मोठी आणि जाड, तितका बारीक दोष दिसणे अवघड होते. शिवाय वेळ आणि पैसा भरपूर लागतो.

प्रत्येक थर एकदा दिसतो

या पद्धतीतच एक संधीही दडलेली आहे. ओतीव वस्तूचे पोट आपल्याला कधीच दिसत नाही. छापलेल्या वस्तूचे पोट मात्र तयार होताना थोडा वेळ उघडे असते. आज जो थर आत गाडला गेला आहे, तो एके क्षणी सर्वांत वर होता. त्या वेळी त्याचे छायाचित्र घेतले तर?

बऱ्याच यंत्रांत आता तसेच करतात. पूड पसरल्यावर एक आणि लेझर फिरल्यावर एक असे थराला दोन फोटो धरले तर २,००० थरांचे ४,००० फोटो झाले. काही यंत्रांत उष्णता टिपणारे कॅमेरे किंवा आवाज ऐकणारी उपकरणेही असतात. इतके फोटो डोळ्यांत तेल घालून कोण पाहणार? माणूस शंभर फोटोंनंतर कंटाळतो आणि नेमका एकशे एकावा निसटतो. म्हणून हे काम संगणकाला द्यायचे ठरले.

चौकटीच्या कागदावर

संगणकाला फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. लांबीत हजार आणि रुंदीत हजार चौकटी असलेल्या फोटोत दहा लाख आकडे असतात. चौकट उजळ असेल तर आकडा मोठा, काळसर असेल तर लहान. या आकड्यांतून ओरखडा कसा सापडतो, ते चौकटीच्या कागदावर करून पाहता येईल.

तीन ओळी आणि तीन रकान्यांची एक छोटी खिडकी घ्या. तिच्या प्रत्येक ओळीत १, उणे २, १ असे आकडे लिहा. यांना भार म्हणू. खिडकी फोटोच्या कोणत्याही भागावर ठेवायची, वरचा-खालचा आकडा गुणायचा आणि नऊ गुणाकारांची बेरीज करायची.

समजा पूड सारखी पसरली आहे आणि सगळ्या चौकटींत ८ आहे. मग एका ओळीची बेरीज ८ उणे १६ अधिक ८, म्हणजे शून्य. एकूण बेरीजही शून्य.

आता समजा मधून उभी काळसर रेघ गेली आहे. प्रत्येक ओळीत ८, २, ८ असे आकडे आहेत. ओळीची बेरीज ८ उणे ४ अधिक ८, म्हणजे १२. तीन ओळींचे ३६. खिडकीने रेघ पकडली.

रेघ आडवी असेल तर? पहिल्या ओळीत ८, ८, ८, दुसरीत २, २, २, तिसरीत ८, ८, ८. बेरीज करून पाहा, शून्यच येते. उभ्या रेघेची खिडकी आडव्या रेघेला आंधळी आहे. तिच्यासाठी वेगळ्या भारांची खिडकी हवी. ठिपक्यासाठी आणखी वेगळी.

अशा अनेक खिडक्या फोटोवर फिरवल्या की अनेक नवे तक्ते मिळतात. त्या तक्त्यांवर पुन्हा नव्या खिडक्या फिरवायच्या. पहिल्या पायरीला रेघा आणि कडा कळतात, पुढच्या पायरीला कोपरे आणि डाग, त्याही पुढे ‘पात्याने ओढलेला ओरखडा’ किंवा ‘पूड न पोचलेली जागा’ असे आकार. पायऱ्या पुष्कळ, म्हणून या पद्धतीला डीप लर्निंग म्हणतात. मराठीत सखोल अध्ययन म्हणू.

भार कोण ठरवतो? आपण १, उणे २, १ हे विचार करून निवडले. खऱ्या जाळ्यात भारांची संख्या लाखांवर जाते, तेव्हा ते माणसाने ठरवणे शक्य नाही. म्हणून सुरुवातीला कसेही भार भरतात. एक फोटो दाखवतात आणि ‘दोष आहे की नाही?’ असे विचारतात. उत्तर चुकते. किती चुकले ते मोजून, चूक थोडी कमी होईल अशा दिशेने प्रत्येक भार किंचित बदलतात. जुन्या रेडिओचे बटण हळूहळू फिरवून खरखर कमी करावी, तसे. मग दुसरा फोटो, तिसरा, असे हजारो. भार कोणत्या दिशेने बदलायचे ते काढण्याची रीत रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखामुळे सर्वत्र पोचली. यान लकून यांनी १९८९ मध्ये अशा खिडक्यांनी हाताने लिहिलेले आकडे ओळखून दाखवले. २०१२ मध्ये फोटो ओळखण्याच्या एका स्पर्धेत सखोल जाळ्याने इतरांना मोठ्या फरकाने मागे टाकले आणि तेव्हापासून ही पद्धत सगळीकडे शिरली. हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफिल्ड यांच्याबरोबर मिळाले.

धातूच्या छपाईत या पद्धतीचा लवकर वापर करणाऱ्यांत अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे ल्यूक साइम आणि जॅक ब्यूथ होते. २०१८ मध्ये त्यांनी पुडीच्या थरांच्या फोटोंवर जाळे शिकवले. पात्याने ओढलेली रेघ, पात्याच्या उड्यांच्या खुणा, पडलेला कचरा, अपुरी पूड, थरातून वर डोकावणारा भाग असे प्रकार ते जाळे वेगवेगळे ओळखू लागले.

उत्तरपत्रिका कोठून आणायची?

येथे शिक्षकांच्या मनात एक प्रश्न नक्की येईल. यंत्राचे उत्तर चुकले हे ठरवायला बरोबर उत्तर आधी माहीत हवे. ते कोण सांगणार?

या विषयाचा खरा गाभा हाच आहे. थरावर ओरखडा दिसला म्हणजे आत पोकळी राहिलीच असे नाही. लेझर वरचा थर वितळवतो तेव्हा खालचे काही थरही पुन्हा वितळतात आणि लहानसहान फट भरून निघते. उलट, फोटोत सगळे ठीक दिसत असताना खोलवर बुडबुडा अडकलेला असू शकतो. म्हणजे फोटो हा दोष नव्हे, दोषाची फक्त खूण आहे. खरे उत्तर मिळवायला वस्तूचा सीटी स्कॅन करावा लागतो किंवा ती कापून, घासून गुळगुळीत करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. मग प्रत्येक पोकळी कोणत्या थरात, कोणत्या फोटोत होती याची सांगड घालायची. हे काम सावकाश आणि खर्चाचे आहे. यंत्र किती शहाणे होईल, ते या कामाच्या काटेकोरपणावर ठरते. उत्तरपत्रिकाच चुकीची असेल तर विद्यार्थी चुकीचेच पाठ करणार.

असे उत्तर मिळवण्याचे एक देखणे उदाहरण जानेवारी २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. अमेरिकेतील संशोधकांनी टिटॅनियमच्या मिश्रधातूवर लेझर चालवला आणि त्याच वेळी शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेतील अतिशय प्रखर क्ष-किरणांनी धातूच्या आत खळगा कसा डळमळतो आणि बुडबुडा केव्हा सुटतो याचे वेगवान चित्रण केले. बाहेरून एक उष्णता टिपणारा कॅमेराही लावला होता. क्ष-किरणांनी उत्तर सांगितले आणि कॅमेऱ्याच्या चित्रणावरून ते ओळखायला जाळ्याला शिकवले. शिकल्यानंतर जाळे नुसत्या कॅमेऱ्यावरून, हजारांश सेकंदापेक्षाही कमी काळाच्या नेमकेपणाने, पोकळी केव्हा पडली ते जवळजवळ अचूक सांगू लागले. असे क्ष-किरण कोणत्याही कारखान्यात मिळणार नाहीत. कॅमेरा मात्र बसवता येतो.

नव्व्याण्णव टक्क्यांचा चकवा

‘आमचे यंत्र ९९ टक्के अचूक आहे’ असे वाक्य वाचले की आपण प्रभावित होतो. जरा हिशेब करू.

समजा १०,००० फोटो आहेत आणि त्यांतल्या फक्त १० फोटोंत खरा दोष आहे. एक आळशी यंत्र काहीही न पाहता प्रत्येक वेळी ‘ठीक आहे’ म्हणते. त्याची ९,९९० उत्तरे बरोबर आली. अचूकता ९९.९ टक्के, आणि सापडलेले दोष शून्य!

आता एक कष्टाळू यंत्र घेऊ. ते १० पैकी ९ दोष पकडते. चांगल्या फोटोंपैकी मात्र १ टक्क्याला ते चुकून दोषी ठरवते. ९,९९० चा १ टक्का म्हणजे सुमारे १००. म्हणजे एकूण १०९ वेळा घंटा वाजली, त्यांतल्या ९ खऱ्या. साधारण बारा घंटांमागे एक खरी. अचूकता ९९ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे आळशी यंत्रापेक्षाही कमी. पण उपयोगाचे हेच.

म्हणून दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत. खऱ्या दोषांपैकी किती सापडले? आणि वाजलेल्या घंटांपैकी किती खऱ्या? यंत्र संशयी केले तर दोष निसटत नाहीत, पण खोट्या घंटा वाढतात. बेफिकीर केले तर उलट होते. काटा कोठे ठेवायचा ते गणितातून निघत नाही. वस्तू कशासाठी आहे त्यावरून माणसाला ठरवावे लागते. दाराच्या मुठीत बारीक पोकळी राहिली तर बिघडत नाही. अग्निबाणाच्या इंजिनात शंभर खोट्या घंटा तपासणे परवडते, एक खरा दोष निसटणे परवडत नाही.

आणखी एक चकवा शिक्षकांना लगेच ओळखीचा वाटेल. एका वस्तूच्या २,००० थरांपैकी काही फोटो शिकवायला आणि उरलेले परीक्षेला वापरले, तर गुण भरघोस मिळतात. कारण १०० वा थर आणि १०१ वा थर जवळपास सारखेच दिसतात. हा पेपर फुटल्यासारखाच प्रकार झाला. खरी परीक्षा घ्यायची तर कधी न पाहिलेली वस्तू, जमल्यास दुसरे यंत्र आणि दुसऱ्या घाणीची पूड घ्यायला हवी. पेटीतला दिवा बदलला, कॅमेरा किंचित हलला, तरी घोकून शिकलेले जाळे गोंधळू शकते.

वर्गात करून पाहा

हे सगळे एका खडूच्या खोक्यावर करून पाहता येते. साच्यात ओतून केलेल्या साध्या खडूत बऱ्याचदा हवेचे बुडबुडे राहतात. चाळीस खडूंवर पेन्सिलीने क्रमांक घाला. तीस खडू एका गटाला द्या. मुलांनी प्रत्येक खडू बाहेरून नीट पाहायचा, डाग, खळगे, टोकाची छिद्रे यांची नोंद करायची, मग तो मध्यावर मोडून आत छिद्र आहे का ते पाहायचे. बाहेरची कोणती खूण आतल्या छिद्राशी जुळते, याचा नियम मुलांनीच काढायचा.

उरलेले दहा खडू दुसऱ्या गटाला न मोडता द्या. पहिल्या गटाचा नियम वापरून त्यांनी अंदाज लिहायचा आणि नंतर खडू मोडायचे. चार आकडे फळ्यावर मांडा: दोष होता आणि ओळखला, दोष होता पण निसटला, दोष नव्हता पण संशय घेतला, दोष नव्हता आणि तसेच सांगितले. मग दुसऱ्या कंपनीच्या खडूंवर तोच नियम लावून पाहा. नियम बहुधा डळमळेल, आणि तो का डळमळला यावरची चर्चा प्रयोगाइतकीच उपयोगी ठरेल.

प्रयोग संपल्यावर मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. इंजिनाचा एखादा भाग तयार झाला, यंत्र म्हणाले ‘ठीक आहे’, आणि तपासणीच्या कागदावर सही करायची वेळ आली. सही कोणाची? यंत्र सही करत नाही. सही करणाऱ्याला यंत्र कोणत्या नमुन्यांवर शिकले, त्या नमुन्यांची उत्तरे कोणी आणि कशी तपासली, आणि दहांतला निसटणारा एक दोष कोणत्या प्रकारचा असतो, हे माहीत असायला हवे. म्हणून खोपोलीच्या कारखान्यांत कांबीवर ध्वनी सोडून पडद्यावरचा प्रतिध्वनी वाचणाऱ्या, तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या जुन्या तपासनिसाचे काम संपत नाही. नव्या यंत्राची उत्तरपत्रिका तयार करण्याचे काम आता त्याच्याकडे आले आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना या वाटेने जायचे आहे, त्यांनी संगणक शिकावाच. त्याबरोबर धातूचा तुकडा कापून, घासून, डोळ्याने पाहण्याची सवयही लावून घ्यावी.